दंतवैद्याच्या खोलींतील केर

(नभोवाणीवरील भाषण)



दाढ उपटून झाल्यावर गालाशीं कापसाचा बोळा दाबून आपण दंतवैद्याच्या खुर्चीवरून उठतों, तेव्हां आपलें अर्धें लक्ष ठणक्याकडे असतें आणि उरलेलें अर्धें वैद्याच्या फीकडे असतें. ज्या तबकांत ती दाढ, तो रक्ताळलेला कापूस आणि ती सुई पडलेली असते, त्या तबकाचें पुढें काय होतें हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. ‘दृष्टीआड सृष्टि’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगीच केलेली नाहीं. महामारीच्या काळांत या तबकाची व्यवस्था कशी लागावी, आणि ती चुकल्यास कोणाला भोगावें लागतें, याविषयीं आज चार शब्द बोलण्याचें मीं योजिलें आहे. मी डॉक्टर नव्हे. माझें आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतींत गेलें. परंतु सरकारचे या विषयाचे नियम सामान्य गृहस्थालाही समजण्यासारखे आहेत, आणि ते समजून घेणें हें त्याचें कर्तव्यही आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, दंतवैद्याचा धंदा इतर वैद्यांच्या धंद्याहून एका बाबतींत निराळा आहे. इतर डॉक्टर सांथीच्या दिवसांत रोग्याला तोंड झांकून बसावयास सांगूं शकतात. दंतवैद्याला रोग्याचें तोंड उघडेंच लागतें, आणि तेंही आपल्या चेहऱ्यापासून वीत-दीड वीत अंतरावर. दांत कोरण्याचें यंत्र मिनिटाला तीन-चार लक्ष फेरे घेतें. दांत तापूं नये म्हणून त्यावर पाण्याचा बारीक फवारा सारखा चालूं ठेवावा लागतो. हें पाणी लाळेंत व रक्तांत मिसळतें आणि अतिसूक्ष्म तुषारांच्या रूपानें आसपास उडतें. कोविड-१९ चे विषाणु लाळेंत सांपडतात. ज्याला ताप नाहीं, खोकला नाहीं, अशा मनुष्याच्या लाळेंतही ते असूं शकतात. ११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें या सांथीस महामारी असें नांव दिलें. पुढें १९ मे २०२० रोजीं आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें दंतवैद्यांकरितां सूचना काढल्या. प्रतिबंधित क्षेत्रांतील दवाखाने बंद ठेवावे, इतरत्र तातडीचे तेवढे उपचार करावे आणि नित्याचीं कामें पुढें ढकलावीं, असा त्यांचा मथितार्थ होता.

परंतु दाढ कांहीं सांथ पाहून दुखावयाची थांबत नाहीं. रोगी कमी झाले, तरी प्रत्येक रोग्यामागें निघणारा केर मात्र वाढला. पूर्वीं जेथें हातमोज्यांची एक जोडी आणि एक मुखपट्टी लागे, तेथें आतां अंगभर झगा, टोपी, पायांवरील आवरणें, डोळ्यांवरील चष्मा व चेहऱ्यापुढील पारदर्शक ढाल, एवढा सरंजाम आला. त्यांतील बहुतेक वस्तु एकदां वापरून टाकून द्यावयाच्या.

या केराविषयींचा कायदा सांथीच्या आधींपासूनच होता. त्याचे पहिले नियम १९९८ सालीं झाले, आणि त्यांच्या जागीं २८ मार्च २०१६ रोजीं नवे नियम आले. शेंकडों खाटांचें रुग्णालय असो कीं एका खुर्चीचा दवाखाना असो, दोघांनाही ते बंधनकारक आहेत. या नियमांचें मर्म चार रंगांत आहे. तें समजण्याकरितां एका दाढेचीच हकीकत पाहूं.

उपटलेली दाढ, रक्तानें भिजलेला कापूस आणि जाळीदार पट्टीचे तुकडे हीं सारीं पिवळ्या पिशवींत जातात. त्यांच्या नशिबीं भट्टी असते. ही भट्टी म्हणजे उकिरड्यावर पेटविलेली शेकोटी नव्हे. तिच्या पहिल्या कोठींत निदान ८०० अंश सेंटिग्रेड उष्णता असावी लागते, आणि तेथून निघालेला धूर दुसऱ्या कोठींत सुमारें १०५० अंशांवर पुन्हां जाळावा लागतो. हातमोजे, लाळ शोषून घेणारी प्लॅस्टिकची नळी आणि सुई काढलेली पिचकारी हीं तांबड्या पिशवींत पडतात. तीं जाळावयाचीं नसतात. कोंडलेल्या वाफेनें निर्जंतुक करून त्यांचे तुकडे करतात आणि तें प्लॅस्टिक पुन्हां कामास येतें. सुई आणि धारदार पातें यांकरितां पांढरा, टोंचून भोंक न पडणारा डबा असतो. बधिर करण्याच्या औषधाची कांचेची कुपी निळ्या खुणेच्या पेटींत जाते. औषधावरील कागदी वेष्टन आणि सहाय्यकाचा चहाचा पेला हा मात्र आपल्या घरच्यासारखाच साधा केर होय. तो नगरपालिकेकडे जातो.

दंतवैद्यानें हा केर स्वतः जाळावयाचा किंवा पुरावयाचा नाहीं. ७५ किलोमीटरांच्या आंत सामायिक प्रक्रिया-केंद्र असेल तर तो तेथेंच गेला पाहिजे. रक्तानें माखलेला केर प्रक्रियेवांचून ४८ तासांपेक्षां अधिक सांठवून ठेवतां येत नाहीं. प्रत्येक पिशवीवर खुणेची पट्टी लागते, म्हणजे कोणत्या दवाखान्यांतून काय निघालें याचा माग राहतो.

महामारी आल्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें मार्च २०२० मध्यें जादा सूचना काढल्या व जुलै २०२० पर्यंत त्यांत वेळोवेळीं सुधारणा केली. कोविडच्या रोग्याचा केर एकांत एक घातलेल्या दोन पिशव्यांत भरावा, त्यावर तसें नांव लिहावें, त्याची नोंद वेगळी ठेवावी आणि डब्यांना आंतून-बाहेरून एक टक्का हायपोक्लोराइटचें द्रावण लावावें, असें त्यांत सांगितलें होतें. हें द्रावण दंतवैद्याला अनोळखी नाहीं. दांताच्या मुळांतील पोकळी धुण्यासाठीं तो हाच पदार्थ नित्य वापरतो. पुढें मंडळानें आणखीही एक भेद केला. मुखपट्टी, टोपी, पायांवरील आवरणें आणि कापडी झगा हीं पिवळ्या पिशवींत घालावीं. चष्मा, चेहऱ्यापुढील ढाल, प्लॅस्टिकचा झगा आणि हातमोजे हीं तांबड्या पिशवींत घालावीं.

हा भेद ऐकून कोणी म्हणेल, “एवढी भयंकर सांथ आली असतां सगळेंच एका पिशवींत कोंबून जाळून टाकलें तर काय बिघडलें?” माझ्या आजच्या भाषणाचें सार या प्रश्नाच्या उत्तरांत आहे. भीतीनें केलेली स्वच्छता आणि समजून केलेली स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां गटारांत कार्बोलिक ॲसिड घातलेलें पाणी ओतण्यांत आलें, घरांना चुना फांसला, लोकांचें सामानसुमान जाळलें. हेतु चांगला होता. पण रोगाची वाट कोणती हें ठाऊक नव्हतें. उंदरांवरील पिसवांनीं प्लेग पसरतो हें सीमाँ नांवाच्या फ्रेंच डॉक्टरनें १८९८ मध्यें दाखविलें, आणि जाळपोळीचा बराचसा खटाटोप भलत्याच दिशेनें झाला होता हें कळून आलें. आज आपल्याला रोगाची वाट ठाऊक आहे. वाफेनेंही जे विषाणु निश्चित मरतात, त्यांच्याकरितां प्लॅस्टिक जाळण्याचें कारण उरत नाहीं. उलट, क्लोरीन असलेलें प्लॅस्टिक नीट जळलें नाहीं तर डायॉक्सिन नांवाचीं घातक विषें धुरांतून बाहेर पडतात.

शिवाय भट्टीच्या पोटालाही मर्यादा आहे. मंडळाच्या आंकड्यांप्रमाणें जून ते डिसेंबर २०२० या सात महिन्यांत आपल्या देशांत कोविडचा सुमारें ३३,००० टन केर निघाला; एकट्या ऑक्टोबरांत सुमारें ५,५०० टन. सर्व प्रांतांत महाराष्ट्राचा वांटा मोठा होता. अशा वेळीं चहाचे पेले आणि कागदी वेष्टनें पिवळ्या पिशवींत कोंबणारा मनुष्य खबरदारी घेत नसतो. जो केर खरोखरच जळला पाहिजे त्याची जागा तो अडवीत असतो.

दंतवैद्याच्या बाबतींत याहूनही एक सूक्ष्म धोका आहे. जुन्या पद्धतीनें दांतांत भरलेली चांदीसारखी जी भर असते, तिच्यांत जवळजवळ निम्मा भाग पारा असतो. पारा ३५७ अंशांवर उकळतो. अशी भर असलेली दाढ, किंवा दांत कोरतांना निघालेला त्या भरीचा चुरा, घाईघाईनें पिवळ्या पिशवींत टाकला, तर ८०० अंशांच्या भट्टींत त्याची वाफ होऊन ती हवेंत जाते, पावसाबरोबर पाण्यांत उतरते आणि माशांच्या द्वारें पुन्हां आपल्या ताटांत येते. जपानांतील मिनामाता या गांवीं कारखान्यानें समुद्रांत सोडलेल्या पाऱ्यानें काय अनर्थ झाला हें जगानें पाहिलें आहे. त्या गांवाचेंच नांव दिलेला आंतरराष्ट्रीय करार २०१३ सालीं झाला आणि भारतानें तो २०१८ सालीं मान्य केला. म्हणून हा चुरा व अशी दाढ झांकणाच्या बरणींत वेगळीं ठेवावीं लागतात. एका रोगाच्या भयानें दुसरें विष हवेंत सोडणें यास शहाणपण म्हणतां येत नाहीं.

आतां दुसऱ्या टोकाच्या चुकीकडे वळूं. ती भीतीची नव्हे, बेपर्वाईची. पांढऱ्या डब्यांत जावयाची सुई कोणी साध्या केरांत टाकली, तर ती घंटागाडींतून वर्गीकरणाच्या जागीं जाते. तेथें तिला प्रथम कोणाचा हात लागतो? वैद्याचा नव्हे, रोग्याचाही नव्हे. तो हात सफाई कामगाराचा असतो, किंवा उकिरड्यावर प्लॅस्टिक वेंचून पोट भरणाऱ्या बाईचा असतो. सुईच्या टोकावरील रक्तांतून काविळीचे ‘ब’ आणि ‘क’ या जातींचे विषाणु आणि एड्सचे विषाणु जाऊं शकतात. ते कोविडच्या आधींही होते आणि आजही आहेत. केर हाताळणाऱ्या दवाखान्यांतील व केंद्रांतील नोकरांना ‘ब’ काविळीची व धनुर्वाताची लस टोंचावी असा नियम आहे. पण उकिरड्यावरील त्या बाईची नोंद कोणत्याच वहींत नसते. तिला वांचविणारा मनुष्य एकच, आणि तो म्हणजे खुर्चीपाशीं उभा राहून योग्य रंगाचा डबा उघडणारा. एकदां मिसळलेला केर पुढें कोणासही निर्धोकपणें वेगळा करतां येत नाहीं.

यांत आपल्यासारख्या गृहस्थांनीं काय करावें? दंतवैद्याकडे गेल्यावर सभ्यपणें विचारावें, “डॉक्टरसाहेब, आपल्याकडे केर कोणत्या केंद्राकडे जातो?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाहीं; उलट, रोगी लक्ष ठेवून आहेत या जाणिवेनें त्याच्या सहाय्यकालाही हुरूप येतो. घरांत मधुमेहाचें टोंचून घेण्याचें औषध चालूं असेल, तर सुया जाड डब्यांत जमवून त्या वेगळ्या द्याव्या. आणि सांथीच्या दिवसांत निरोगी माणसाची वापरलेली मुखपट्टीही कागदी पिशवींत ७२ तास ठेवून, मग कातरून सुक्या केरांत टाकावी, असें मंडळानें सांगितलें होतें, हेंही स्मरणांत असूं द्यावें.

५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें कोविडची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. दुहेरी पिशव्यांची ती धांदल ओसरली. पण पिवळा, तांबडा, पांढरा आणि निळा हे चार रंग आपल्या जागीं आहेत, आणि सुईचें टोंकही पूर्वींइतकेंच तीक्ष्ण आहे. पुढची सांथ केव्हां येईल हें कोणी सांगूं शकत नाहीं. ती येईल तेव्हां नवे नियम पाठ करण्यास वेळ मिळणार नाहीं. नित्याची संवयच उपयोगी पडेल. आपल्या हातून सुटलेली वस्तु दुसऱ्या कोणाच्या तरी हातांत पडते, एवढें ध्यानांत ठेवावें.