आठ सारसांचं कोडं

‘धानाच्या बांधीत 5 सारस होते. आणखी काही आले. आता 8 झाले. किती आले?’ (महाराष्ट्रातले सारस आता मुख्यतः गोंदियातच उरलेत, तेव्हा उदाहरण इथलंच.) 8 वजा 5 येणारं दुसरीतलं मूलही इथे बिनधास्त 13 म्हणतं. ‘आणखी’ दिसलं, की बेरीज! ही खोड बहुधा आपणच लावलेली असते: ‘एकूण’ म्हणजे बेरीज, ‘उरले’ म्हणजे वजाबाकी.

एरवी लहान मूल गोष्ट करून बघतं. 5 चिंचोके मांडतं, 8 होईपर्यंत भर घालतं, घातलेले मोजतं. वजाबाकीचं नावही निघत नाही. पण ‘आधी काही सारस होते, 3 आले, 8 झाले’ म्हटलं की पंचाईत. सुरुवातीला मांडायचे किती? संख्या त्याच, तरी हा प्रकार पहिल्यापेक्षा बराच अवघड.

प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, यानंही फरक पडतो. 1983 साली संशोधक टॉम हडसन यांनी मुलांना पक्षी आणि त्याहून कमी अळ्या अशी चित्रं दाखवली. ‘अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त?’ यावर बालवाडीतली बहुतेक मुलं अडली. ‘प्रत्येक पक्षी एकेक अळी घ्यायला धावला, तर किती पक्ष्यांना मिळणार नाही?’ असं विचारताच जवळपास सगळ्यांनी बरोबर सांगितलं.

गोंदियात घरी पोवारी, गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणारी कितीतरी मुलं शाळेत मराठीतून उदाहरण वाचतात. त्यांचं अडतं ते पुष्कळदा वाक्यापाशीच. आकडे झाकून, घरच्या बोलीत गोष्ट सांगावी आणि ‘काय झालं?’ एवढंच विचारावं. आकडे मागाहून.