व्हर्जिनिया संघराज्यांतून कां फुटलें?

श्रोते हो, अमेरिकेंतील यादवी युद्धाविषयीं आपल्यापैकीं बहुतेकांस दोन गोष्टी ठाऊक असतात. एक, अब्राहम लिंकन हा त्या वेळीं अध्यक्ष होता. आणि दुसरी, त्या युद्धाच्या शेवटीं तेथील गुलामगिरी नाहींशी झाली. परंतु जें संघराज्य आपल्याच पुढाऱ्यांनीं खपून उभारलें, त्यांतून बाहेर पडून त्याच्याविरुद्ध शस्त्र उचलण्यास एखादें राज्य कसें तयार होतें, हा प्रश्न एवढ्यानें सुटत नाहीं. म्हणून आज एकाच राज्याची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. तें राज्य म्हणजे व्हर्जिनिया. वॉशिंग्टन, जेफर्सन आणि मॅडिसन हे तिघेहि अध्यक्ष व्हर्जिनियाचे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला तो व्हर्जिनियाच्या माणसानें, आणि संघराज्याची घटना घडविण्यांत पुढाकार होता तोहि व्हर्जिनियाच्याच माणसांचा. असें हें राज्य १८६१ सालीं फुटलें.

त्यांतहि नवलाची गोष्ट अशी कीं, ४ एप्रिल १८६१ रोजीं रिचमंड या राजधानींत भरलेल्या लोकप्रतिनिधींच्या परिषदेनें फुटून निघण्याची सूचना सुमारें दोनास एक अशा मताधिक्यानें फेटाळून लावली होती. पुढें १७ एप्रिल रोजीं त्याच परिषदेनें ५५ विरुद्ध ८८ मतांनीं फुटून निघण्याचा ठराव संमत केला. मध्यें गेले ते अवघे तेरा दिवस. तेवढ्यांत सभासद बदलले नव्हते, त्यांना निवडून देणारे लोकहि बदलले नव्हते. मग बदललें तें काय?

याचें उत्तर शोधण्यासाठीं प्रथम नकाशा मनांत काढून पाहिला पाहिजे. त्या काळचें व्हर्जिनिया पूर्वेस अटलांटिक महासागरापासून पश्चिमेस ओहायो नदीपर्यंत पसरलेलें होतें. मधून डोंगरांच्या रांगा गेलेल्या: आधीं ब्लू रिज, मग शेनान्डोआ नदीचें खोरें, आणि त्यापलीकडे अॅलेघेनी पर्वत. पूर्वेकडील सखल मुलखांत तंबाखूचे व गव्हाचे मोठमोठे मळे. तेथील नद्या समुद्रास मिळणाऱ्या. पश्चिमेकडे डोंगराळ जमीन, लहान शेतकरी, गुरें, मीठ आणि कोळसा. तेथील नद्या ओहायोस मिळणाऱ्या. साहजिकच तिकडच्या माणसाचा बाजारहाट रिचमंडशीं नसून पिट्सबर्ग, सिनसिनाटी अशा परराज्यांतील शहरांशीं असे. व्हीलिंग या वायव्येकडील गांवास १८५३ सालीं आगगाडी आली, तीहि बाल्टिमोरहून; रिचमंडहून नव्हे.

आतां या नकाशावर माणसें मांडूं. १८६० च्या खानेसुमारींत व्हर्जिनियाची लोकसंख्या सुमारें १६ लक्ष भरली. त्यांपैकीं सुमारें ४ लक्ष ९० हजार माणसें गुलाम होतीं. दुसऱ्या कोणत्याहि एका राज्यांत एवढे गुलाम नव्हते. परंतु हा आंकडा सर्वत्र सारखा पसरलेला नव्हता. पूर्वेकडील कित्येक परगण्यांत निम्म्याहून अधिक वस्ती गुलामांची होती. आणि जो पश्चिम भाग पुढें वेगळा झाला, त्या सबंध भागांत मिळून गुलाम होते सुमारें १८ हजार. एका राज्याच्या नांवाखालीं दोन निराळे समाज नांदत होते, असें म्हटलें तरी चालेल.

राज्याची सत्ता मात्र पूर्वेच्या हातीं होती. मताचा अधिकार मालमत्तेशीं बांधलेला आणि प्रतिनिधींची वांटणी पूर्वेकडे झुकती, असा प्रकार असल्यामुळें पश्चिमेकडील लोक वर्षानुवर्षें तक्रार करीत आले. १८२९-३० सालीं घटना सुधारण्यासाठीं परिषद भरली. तिनेंहि त्यांचें फारसें समाधान केलें नाहीं. १८५१ च्या नव्या घटनेनें सर्व प्रौढ गोऱ्या पुरुषांना मताचा अधिकार मिळाला खरा. पण त्याच घटनेंत मळेवाल्यांनीं एक सवलत पदरांत पाडून घेतली. बारा वर्षांखालील गुलामांवर कर नाहीं, आणि त्याहून मोठ्या प्रत्येक गुलामाची किंमत करापुरती ३०० डॉलर धरावयाची. बाजारांत धडधाकट तरुण गुलामाला हजाराहून अधिक डॉलर पडत असत. पश्चिमेकडील शेतकऱ्याच्या जमिनीवर आणि गुरांवर मात्र पुऱ्या किंमतीचा कर बसे. असा हा हिशेब होता. पश्चिमेकडील लोकांच्या मनांत गुलामांविषयीं दया होती म्हणून ते पूर्वेवर रुष्ट होते, असें समजणें बरोबर होणार नाहीं. त्यांची तक्रार मुख्यतः कराची आणि प्रतिनिधित्वाची होती. पण त्या तक्रारीचें मूळ शोधूं गेल्यास तें गुलामगिरीपाशींच जाऊन थांबे.

ही प्रथा आपण होऊन सोडण्याची एक संधि व्हर्जिनियाला आली होती. १८३१ च्या ऑगस्टांत साऊदॅम्प्टन परगण्यांत नॅट टर्नर या गुलामाच्या पुढारीपणाखालीं बंड झालें. पन्नासांहून अधिक गोरीं माणसें मारलीं गेलीं, आणि त्याचा सूड म्हणून कित्येक निरपराध कृष्णवर्णी लोकांचे प्राण घेण्यांत आले. सारें राज्य हादरलें. त्यानंतरच्या हिवाळ्यांत विधिमंडळांत गुलामगिरी हळूहळू बंद करावी कीं नाहीं, यावर उघड चर्चा झाली. दक्षिणेकडील राज्याच्या विधिमंडळांत एवढ्या मोकळेपणानें अशी चर्चा पुन्हां झाली नाहीं. पश्चिमेकडील सभासद बहुतेक बंद करण्याच्या बाजूचे, पूर्वेकडील बहुतेक विरुद्ध. शेवटीं ५८ विरुद्ध ७३ मतांनीं कांहींहि न करण्याचें ठरलें. इतकेंच नव्हे, तर कृष्णवर्णी लोकांवरील बंधनें पुढें अधिकच आवळलीं गेलीं. त्यांना वाचणें-लिहिणें शिकविण्यासाठीं भरविलेली सभा बेकायदा ठरविणारा कायदा तर त्या बंडापूर्वींच, त्याच वर्षीं, झालेला होता. जी व्यवस्था अक्षरओळखीला भिते, ती आंतून किती अस्वस्थ असली पाहिजे, याचा विचार श्रोत्यांनींच करावा.

मग गुलामगिरीची मुळें सैल होण्याऐवजीं घट्ट कां झालीं? यास एक आर्थिक कारण होतें. तंबाखूनें पूर्वेकडील जमिनी निकस होत चालल्या होत्या. पण आणखी दक्षिणेस, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना या राज्यांत, कापसाची लागवड झपाट्यानें वाढत होती. परदेशांतून गुलाम आणण्यास १८०८ सालापासून बंदी असल्यामुळें तिकडे लागणारीं माणसें देशांतूनच मिळवावीं लागत, आणि तीं पुरविण्यांत व्हर्जिनिया अग्रेसर होतें. रिचमंड ही माणसांच्या विक्रीची मोठी पेठ बनली. आईपासून लेकरूं आणि नवऱ्यापासून बायको वेगळी करून दक्षिणेस धाडणें, हा तेथें नित्याचा व्यापार होता. यामुळें ज्या मळेवाल्याला शेतींत फारसा नफा उरला नव्हता, त्याचीहि संपत्ति गुलामांच्या बाजारभावावर अवलंबून राहिली. व्हर्जिनियाचा पैशाचा संबंध अशा रीतीनें दूरच्या कापसाच्या राज्यांशीं जडला.

१८५९ च्या ऑक्टोबरांत जॉन ब्राऊन यानें मूठभर अनुयायांसह हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर छापा घातला. गुलामांच्या हातीं शस्त्रें देऊन त्यांना मुक्त करावें, असा त्याचा बेत होता. बेत फसला आणि त्याला फांशीं देण्यांत आलें. पण हा छापा व्हर्जिनियाच्याच भूमीवर पडला असल्यामुळें मळेवाल्यांची झोंप उडाली. पुढच्या वर्षीं अध्यक्षाची निवडणूक झाली. तींत व्हर्जिनियानें जॉन बेल या मवाळ, संघराज्य टिकवूं पाहणाऱ्या उमेदवाराला कौल दिला. तोहि दोनशेंहून कमी मतांच्या आधिक्यानें. लिंकनला तेथें दोन हजारहि मतें पडलीं नाहींत, आणि जीं पडलीं तीं मुख्यतः वायव्येच्या कोपऱ्यांत. परंतु देशांत निवडून आला तो लिंकन. जेथें गुलामगिरी आहे तेथें हात घालावयाचा नाहीं, पण नव्या प्रदेशांत ती पसरूं द्यावयाची नाहीं, हें त्याच्या पक्षाचें धोरण होतें.

तेवढ्यावर दक्षिणेकडील सात राज्यें १ फेब्रुवारी १८६१ पर्यंत एकामागून एक फुटून निघालीं. व्हर्जिनिया मात्र थबकलें. त्यानें वॉशिंग्टन येथें समेटाची परिषद बोलाविली. ती निष्फळ झाली. रिचमंडच्या परिषदेची बैठक १३ फेब्रुवारीस सुरू झाली, तेव्हां तींत तीन तट होते. कांहींना ताबडतोब फुटावयाचें होतें, कांहींना कोणत्याहि परिस्थितींत फुटावयाचें नव्हतें, आणि सर्वांत मोठा तट मधल्यांचा होता. संघराज्य त्यांना हवें होतें, परंतु अटीवर. गुलामगिरीस अभय द्यावें आणि फुटलेल्या राज्यांवर बळजबरी करूं नये, या त्या अटी.

या मधल्या तटाला दोन्हीकडून ओढ लागली होती. फुटलेल्या राज्यांचे वकील परिषदेपुढें येऊन बोलले. जॉर्जियाच्या वकिलानें तर स्पष्टच सांगितलें कीं, उत्तरेपासून वेगळें झाल्यावांचून गुलामगिरी टिकणार नाहीं, अशी खात्री झाल्यामुळेंच आपलें राज्य फुटलें. राज्यांच्या हक्कांची भाषा पुष्कळ झाली. पण कोणता हक्क, असें विचारलें म्हणजे उत्तर हें येई. शिवाय मार्चमध्यें दक्षिणी संघाची जी घटना तयार झाली, तींत संघाबाहेरील राज्यांतून गुलाम आणण्यास बंदी करण्याचा अधिकार तेथील काँग्रेसला दिलेला होता. बाहेर राहिल्यास आपली पेठ बुडेल, असा याचा अर्थ व्हर्जिनियाच्या व्यापाऱ्यानें घेतला तर त्यांत नवल नव्हतें. उलट बाजूनें, वेटमन विली या पश्चिमेकडील प्रतिनिधीनें याच परिषदेंत कराचा जुना प्रश्न पुन्हां उकरून काढला. पूर्वेचें संरक्षण करण्यासाठीं आम्हीं लढावयाचें, तर आधीं कराचा बोजा सारखा वांटा, असा त्यांतील मतलब होता.

अशा स्थितींत १२ एप्रिल रोजीं दक्षिणी संघाच्या तोफांनीं सम्टर किल्ल्यावर मारा केला. १५ तारखेस लिंकननें राज्यांकडून ७५ हजार सैनिक मागविले. आतां मधली जागा उरली नाहीं. संघराज्यांत राहावयाचें तर गुलामगिरीच्या राज्यांवर सैनिक धाडले पाहिजेत. न धाडावे तर बाहेर पडलें पाहिजे. ज्यांची निष्ठा अटीवर होती, त्यांची अट मोडतांच निष्ठाहि मोडली. तेरा दिवसांत बदललें तें एवढेंच.

हा ठराव लोकांच्या मतास टाकावयाचा होता. परंतु तोंवर कोणी थांबलें नाहीं. हार्पर्स फेरीचें शस्त्रागार आणि नॉरफोकजवळची आरमारी गोदी एप्रिलमध्येंच राज्यानें घेतली. २३ मे रोजीं मतदान झालें. तें गुप्त नव्हतें. मतदारानें आपलें मत सर्वांसमक्ष तोंडानें सांगावयाचें, अशी तेथील रीत होती. पूर्वेनें ठराव उचलून धरला. वायव्येकडील बहुतेक भागानें तो झिडकारला. रिचमंड ही दक्षिणी संघाची राजधानी झाली. वॉशिंग्टन तेथून सुमारें शंभर मैलांवर. त्यामुळें या दोन राजधान्यांमधली भूमि चार वर्षें रणभूमि बनून राहिली. जुलै १८६१ मध्यें मनॅसस येथें पहिली मोठी लढाई झाली ती व्हर्जिनियांत, आणि ९ एप्रिल १८६५ रोजीं सेनापति ली यानें शरणागति पत्करली तीहि व्हर्जिनियांतच.

आणि जें राज्य फुटण्याचा हक्क सांगत होतें, तेंच स्वतः दुभंगलें. पश्चिमेकडील लोक व्हीलिंग येथें जमले, त्यांनीं निराळें सरकार स्थापिलें, आणि २० जून १८६३ रोजीं वेस्ट व्हर्जिनिया हें पस्तिसावें राज्य म्हणून संघराज्यांत दाखल झालें. गुलामगिरी क्रमाक्रमानें बंद करण्याची अट मात्र त्यालाहि मान्य करावी लागली.

या साऱ्या मतमोजणींत एक गोष्ट आपल्या नजरेंतून सुटतां कामा नये. ज्यांच्यामुळें हा वाद, त्या पांच लक्षांच्या घरांतील माणसांना कोणीच कांहीं विचारलें नव्हतें. परंतु त्यांनीं आपलें मत दिलें. २३ मे रोजीं, म्हणजे मतदानाच्याच दिवशीं, रात्रीं तीन गुलाम एका होडींतून मन्रो किल्ल्यास आले. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाऊनसेंड हीं त्यांचीं नांवें. दक्षिणी सैन्याच्या तोफखान्याचें बांधकाम त्यांच्याकडून करून घेतलें जात होतें. मालकाच्या वतीनें एक अधिकारी त्यांना मागावयास आला, आणि फरारी गुलाम परत करण्याच्या संघराज्याच्या कायद्याची त्यानें आठवण दिली. किल्ल्यावरील सेनापति बटलर हा धंद्यानें वकील. तुमचें राज्य आतां आपणांस परदेश म्हणवितें, तेव्हां तो कायदा तुम्हांस लागू नाहीं, असा त्यानें जबाब दिला आणि त्या तिघांना ठेवून घेतलें. मागून हजारों लोक त्याच वाटेनें आले. हा किल्ला ज्या पॉइंट कम्फर्टवर उभा आहे, तेथेंच १६१९ सालीं सुमारें वीस आफ्रिकन माणसें बंदी करून आणण्यांत आलीं होतीं. व्हर्जिनियांतील गुलामगिरीचा आरंभ तेथलाच.

आमच्या मुंबईच्या व्यापाऱ्यांना हें युद्ध कापसाच्या चढलेल्या भावामुळें आणि १८६५ सालीं कोसळलेल्या शेअरबाजारामुळें लक्षांत राहिलें. पुण्याच्या जोतीराव फुल्यांनीं त्याची आठवण निराळ्या कारणासाठीं ठेवली. १८७३ सालीं निघालेलें ‘गुलामगिरी’ हें आपलें पुस्तक त्यांनीं, गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें, आणि आपल्या देशबांधवांनीं तो कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली.

व्हर्जिनियाच्या मवाळ पुढाऱ्यांना युद्ध नको होतें, हें निःसंशय खरें. परंतु युद्ध टाळण्याचा खरा मार्ग १८३२ सालीं त्यांच्या वडील पिढीपुढें आला होता, आणि तो पंधरा मतांनीं नाकारला गेला. त्यानंतरचीं तीस वर्षें समेटाच्या प्रत्येक बोलण्यांत एक अन्याय जसाच्या तसा राखून ठेवण्याची अट घालण्यांत गेलीं. ती अट कायम ठेवून एकोपा राखतां येईल, असें त्यांना वाटलें. एप्रिल १८६१ मध्यें तो भरंवसा संपला, आणि त्याची किंमत पुढचीं चार वर्षें त्यांच्या मुलांनीं दिली.