कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत

मैत्रिणींनो, ‘ध्यान’ म्हटलं की आपल्या सगळ्यांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘वेळ कुठंय?’ मीही तेच म्हणायची. आमच्या वडनेर भोलजीत नळ आला तर पाण्याची धावपळ, नाही आला तर पाण्याची काळजी. त्यात मुलांचे डबे, सासूबाईंची औषधं आणि हायवेवरच्या ट्रकांनी अर्धवट मोडलेली झोप.

२०१६ साली सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि माझं डोकं सतत तापलेलं राहू लागलं. एक दिवस काही कारण नसताना मुलावर हात उचलला. मलाच माझी भीती वाटली. बहिणीने इगतपुरीच्या विपश्यना केंद्राचं नाव काढलं. नणंद येऊन राहिली म्हणून दहा दिवस घर सोडता आलं. (घरातून परवानगी मिळवणं हीच खरी साधना!)

धम्मगिरी हे केंद्र १९७६ पासून चालू आहे. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात व्यापार करायचे. अर्धशिशीने बेजार होऊन ते तिथल्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ही विद्या शिकले आणि १९६९ मध्ये ती भारतात घेऊन आले. २०१३ मध्ये ते गेले, पण शिबिरात आजही त्यांचाच ध्वनिमुद्रित आवाज असतो. पहाटे चारला घंटा. बोलायचं नाही, फोन नाही, वही-पेन नाही. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. लांब करायचा नाही, रोखायचा नाही, असेल तसा बघायचा. याला आनापान म्हणतात. सोपं वाटतं ना? चार श्वास होत नाहीत तोच माझं मन घरच्या गव्हाला सोंडे लागले असतील का, इथे जाऊन पोचायचं!

घरी परतल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ तासभर बसणं जमलं नाही, खोटं कशाला सांगू. उरलं ते एवढंच, की कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी उभं राहून श्वास बघायचा. राग येताना आधी श्वास भरभर होतो, कानशिलं गरम होतात. ते वेळेत कळलं की हात खाली राहतो. दर वेळी नाही, पण बरेचदा. हल्ली मोबाईलवर ज्याला ‘माइंडफुलनेस’ म्हणतात ते याच बुद्धविचारातून गेलेलं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी त्याचे वर्ग सुरू केले.

मग मी उत्साहाने बचत गटात शिकवू लागले. तिथेच चुकले.

गटातल्या एक वहिनी म्हणाल्या, “ताई, मले रातभर झोप येत नाही.” मी लगेच सांगितलं, श्वास बघा. महिनाभर त्यांनी मन लावून केलं. एकदा हापशीवर पाणी भरताना त्यांची बाही वर सरकली. दंड काळानिळा झालेला. मी बघतच राहिले, तर त्या शांतपणे म्हणाल्या, “तुमी सांगतलं तसंच करतो ताई. तो मारते तवा श्वास पायतो.”

पोटात खड्डा पडला माझ्या. मी त्यांना धीर दिला नव्हता, मार खायला शिकवलं होतं.

आता श्वासाचं सांगण्याआधी मी विचारते, घरात कोणी मारतं का? जेवण जातं का? जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का? मारणाऱ्याविरुद्ध २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे. मन खचलं असेल तर १४४१६ वर ‘टेली-मानस’चे समुपदेशक फुकट बोलतात. आणि मनाचं गंभीर दुखणं असेल तर दहा दिवसांच्या शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. अर्जात ते लपवू नका.

त्या वहिनींबरोबर मी संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेले. अर्ज झाला, केस उभी राहिली. गावात दोघींना बोलणी बसली ती वेगळीच. सध्या त्या माहेरी असतात, पण गटाच्या बैठकीला आवर्जून येतात. परवा पापडाचा हिशेब करता करता म्हणाल्या, “आता झोप येते ताई. पण ते श्वासाचं सोडलं नाही मी. तारखेच्या दिवशी कोर्टात लय कामी येते.”