कुदळ घालण्याआधी

गेल्या आषाढात आंबोलीजवळच्या माहेरी गेले होते. परसात अळूच्या वाफ्यातलं पाणी जावं म्हणून चर काढत होते, तर मातीबरोबर हातभर लांबीचा काळा साप वर आला. “मण्यार!” वहिनी ओरडली. शाळेत मुलांना भूतदयेचे धडे देणारी मी. पण हातातली कुदळ घातलीच.

मग उन्हाची तिरीप पडली. डबक्यावर घासलेट पसरावं तसे निळे-जांभळे रंग त्या काळ्या अंगावर चमकले. जिवाला चुटपुट लागली. मोबाइलवर फोटो काढून ठेवला नि परत आल्यावर आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना दाखवला.

“अहो, हा खापरखवल्या. बिनविषारी! बहुधा मेलॅनोफिडियम वंशातला,” त्या म्हणाल्या.

या वंशाच्या चारच जाती आहेत आणि चारही फक्त आपल्या देशात, पश्चिम घाटात सापडतात. पहिल्या तीन कर्नल बेडोम या इंग्रज अधिकाऱ्याने १८६३ ते १८७१ या काळात नोंदल्या. चौथी आपल्याकडची. तिची वेगळी ओळख पटायला २०१६ साल उजाडलं. कात्रजचं सर्पोद्यान उभं करणाऱ्या नीलिमकुमार खैरे यांचं नाव तिला दिलं आहे. हे साप जमिनीखाली राहतात, गांडुळं खातात. वर दिसतात ते बहुतेक पावसाळ्यातच.

म्हणून काळा साप दिसला की हाताने उचलायचा का? मुळीच नाही! मण्यारही काळी, चकचकीत आणि अतिशय विषारी. घाईत आपल्याला फरक कळणार नाही. तेव्हा मैत्रिणींनो, मारू नका आणि हातही लावू नका. मुलांना लांब न्या. परसात असेल तर त्याला वाट द्या. घरात शिरला तर लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा. कुणाला चावलाच, तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट दवाखाना गाठा. जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं नको.

नागपंचमीला आपण चिरत नाही, जमीन खणत नाही. सापाला इजा होऊ नये म्हणूनच ना हा नेम? बाकीचे दिवस खणावं तर लागणारच. पण यंदा वाफ्यात मी कुदळ सावकाश घालते, आणि माती पाहूनच पुढचा घाव घालते.