मौनाचे वाचन : निरीक्षणगृहातील बालक आणि आघातसजग देखभाल

‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ही संज्ञा आज कायद्याच्या मराठी व्यवहारात रूढ आहे. 1986 च्या बाल न्याय अधिनियमात अशा मुलास ‘अपचारी’ या अर्थाची संज्ञा होती. 2000 च्या अधिनियमाने ती दूर केली. 2015 च्या अधिनियमाच्या कलम 3 ने तर बालकासंबंधीच्या प्रक्रियेत दोषारोपात्मक शब्द वापरू नयेत, असे तत्त्वच घालून दिले. बोलीत मात्र ‘रिमांड होम’ टिकून आहे. संज्ञा बदलल्याने मुलाचे बोलणे ऐकण्याची रीत बदलते काय, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

आघातसजग देखभालीचा संबंध याच प्रश्नाशी आहे. ज्युडिथ हर्मन (1992) यांनी आघातातून सावरण्याच्या प्रक्रियेत सुरक्षिततेला पहिले स्थान दिले. स्मरण आणि शोक त्यानंतरचे. कॅथी कारुथ (1996) यांच्या विवेचनामुळे साहित्याभ्यासकांना हे परिचित आहे की, आघात घडताक्षणी पूर्णपणे अनुभवला जात नाही. तो मागाहून, पुनरावृत्तीच्या रूपाने परततो. म्हणूनच त्याचे कथन अनेकदा तुटक, क्रमहीन किंवा निःशब्द असते. निरीक्षणगृहात या जाणिवेचे रूप अगदी साधे असते : झडतीपूर्वी कारण सांगणे, अचानक अंगाला हात न लावणे, एकांतवासाची शिक्षा टाळणे, एकच हकीकत निरनिराळ्या अधिकाऱ्यांपुढे पुनःपुन्हा वदवून न घेणे. ‘तू काय केलेस?’ या प्रश्नाआधी ‘तुझ्यावर काय ओढवले?’ हा प्रश्न येतो.

न्यायप्रक्रियेला मात्र सुसंगत निवेदन हवे असते. कलम 15 नुसार, घोर अपराधाचा आरोप असलेल्या 16 वर्षे पूर्ण झालेल्या बालकाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि अपराधाची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन बाल न्याय मंडळ करते. त्यावरून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची गरज आहे किंवा कसे, हे ठरते. अशा वेळी निर्विकार चेहरा पश्चात्तापाचा अभाव म्हणून आणि विसंगत तपशील लबाडी म्हणून वाचला गेला, तर वाचनातील चुकीची किंमत मुलाला वर्षांच्या हिशेबात मोजावी लागते. हे मूल्यांकन नाजूक असून त्यास तज्ज्ञतेची गरज आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

आघात समजून घेणे म्हणजे अपराध नाकारणे नव्हे. अपराधाने ज्याची हानी झाली त्याचे दुःखही तितकेच खरे असते. उलट, सुरक्षिततेची खात्री पटलेले मूलच आपल्या कृतीची जबाबदारी स्वीकारण्याच्या स्थितीत येण्याची शक्यता अधिक. तौलनिक साहित्याभ्यासाला येथे एक मर्यादाही पाळावी लागते. कादंबरीतील मौनाचा अर्थ लावण्यास अभ्यासकाला अवधी असतो आणि त्याचा अर्थ चुकला तरी पात्राची कोठडी लांबत नाही. निरीक्षणगृहातील मौनाला ही सवलत नाही. त्यामुळे तेथे अर्थनिर्णयाची घाई न करणे हाच देखभालीचा पहिला नियम ठरतो.