थंडीतला युरोप आणि साडेचार एकरांचा प्रश्न



सन २०२३ च्या डिसेंबरअखेर आम्ही उभयतां तीन आठवड्यांसाठी युरोपात जाऊन आलो, ही बातमी आमच्याआधीच गटागटांतून फिरली होती. "हंगाम ऐन भरात, आणि साहेब निघाले विलायतेला," असे काही सभासदांनी चेष्टेने म्हटलेही. तोडणी-वाहतुकीची घडी सहकाऱ्यांनी नीट बसवून दिली होती आणि रजा रीतसर मंजूर होती, म्हणूनच जाणे झाले. परत आल्यावर "तिकडचं काहीतरी लिहा की" असा आग्रह होत राहिला. बर्फ, चर्च आणि म्युझियम यांची वर्णने पुष्कळांनी केलेली आहेत. आम्ही जे लिहितो आहोत ते ऊसवाल्याच्या नजरेने पाहिलेले आहे, आणि त्यात एक घरचा प्रश्नही आहे. तो प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या दारात आज ना उद्या येणार आहे, म्हणून सौ.च्या संमतीने तो इथे मांडतो.

आमचे सासरे आपल्याच कारखान्याचे जुने सभासद. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते गेले. मागे साडेचार एकर बागायत, एक शेअर आणि तीन वारस : सासूबाई, सौ. आणि तिचा धाकटा भाऊ. मेहुणे नेदरलँडमध्ये आइंडहोवन शहरी इंजिनिअर आहेत. वडिलांच्या दिवसकार्याला धावतपळत येऊन गेले, पण कागदपत्रांचे बोलणे राहिले ते राहिलेच. फोनवर असली बोलणी होत नाहीत, झाली तर बिघडतात. शेवटी त्यांनीच तिकिटे काढून पाठवली. म्हणाले, "दाजी, आक्काला घेऊन या. नाताळच्या सुट्टीत मी घरीच आहे."

आइंडहोवनला उतरल्यावर पहिला अचंबा उजेडाचा. त्या दिवसांत तिथे सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमारास आणि साडेचारला मावळतो. मधल्या वेळातही आभाळ असे भरलेले, की आपल्याकडे आषाढात असते तसे. बायामाणसे भर पावसात सायकलीवर पोरांना बसवून चाललेली. २५ आणि २६ डिसेंबर दोन्ही दिवस सुट्टी, त्यामुळे गावात शुकशुकाट. सौ.च्या भावजयीने पुरणपोळी केली होती, आणि वर्षअखेरीस शेजारणीने 'ओलीबोलन' आणून दिले. हे म्हणजे आपल्या गुलगुल्यांचे भाऊबंद, आत मनुका आणि वरून पिठीसाखर. ती पिठीसाखर मात्र उसाची नव्हे, बिटाची.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवणानंतर मेहुण्यांनी विषय काढला. "आक्का, मला वाटतं आपण जमीन विकून टाकू. आईला घर आहे, तिच्या नावावर पैसे ठेवू, राहिलेले वाटून घेऊ. मी काही आता नांगर धरायला येणार नाही." सौ. म्हणाली, "आणि मी करते आहे ते?" सासऱ्यांच्या दुखण्यापासून दोन वर्षे ती शेती तीच पाहत होती, खोडव्याला पाणी देण्यापासून बिलापर्यंत. मेहुणे म्हणाले, "तू किती दिवस करणार? आणि तिघांत वाटली तर दीड-दीड एकर. त्याला काय अर्थ आहे?" पुढे चार दिवस तो विषय कोणी काढला नाही. एका घरात राहून सगळेजण हवेबद्दल बोलत होते.

मेहुण्यांचा हिशेब खोटा नव्हता. आपल्या राज्यात १९७०-७१ साली सरासरी वहितीखाते ४.२८ हेक्टरांचे होते, ते २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टरांवर आले. दर पिढीला बांध वाढतो आणि शेत घटते. नोंदीला आलेल्या उसाचे क्षेत्र वीस गुंठे, पंधरा गुंठे असे पाहिले की टोळी तिथे न्यायची कशी हा प्रश्न आमच्याच टेबलावर येतो.

त्या चार दिवसांत मेहुण्यांच्या एका सहकाऱ्याच्या वडिलांकडे जाण्याचा योग आला. हे गृहस्थ बीट उत्पादक. पश्चिम ब्राबांट भागात दिंतेलोर्ड येथे मोठा साखर कारखाना आहे. तो आपल्यासारखाच सहकारी. 'कोसुन' या संस्थेचे मूळ १८९९ साली सास वान खेंट गावी निघालेल्या शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्यात आहे. म्हणजे आपल्या लोणीच्या प्रवरा कारखान्याआधी पन्नास वर्षे. आज तिचे आठ हजारांवर शेतकरी सभासद आहेत. तिथे शेअर नुसता कपाटात ठेवण्याचा कागद नसतो. सभासदाकडे 'पुरवठ्याचे दाखले' असतात, आणि जितके दाखले तितके बीट देण्याचा हक्क व जबाबदारी. शेती सोडली तर ते दाखले दुसऱ्या सभासदाला देता येतात. कारखाना पिकवणाऱ्याच्या हाती राहावा, हा त्यामागचा हेतू.

बिटाचे थोडे सांगतो. मार्च-एप्रिलात पेरणी, सप्टेंबरपासून काढणी. हेक्टरी साधारण ८० टन, आणि साखर सोळा ते अठरा टक्के. काढलेले बीट शेताच्या कडेला रस्त्यालगत लांबलचक ढीग करून ठेवतात आणि थंडीने गोठू नये म्हणून वर कापड पांघरतात. आपला ऊस तोडल्यावर चोवीस तासांत गव्हाणीत पडावा म्हणून आपण धडपडतो, बीट मात्र काही आठवडे ढिगात थांबते. भाव नुसत्या वजनावर नाही. प्रत्येक खेपेतून नमुना काढून धुतात, मातीचे वजन वजा करतात आणि साखरेच्या टक्केवारीवर पैसे देतात. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला विचारले, "तुमच्याकडे चांगल्या उसाला जास्त भाव कसा देतात?" सगळ्या सभासदांना टनाला एकच दर, हे ऐकून तो गप्प राहिला आणि आम्हीही.

जानेवारीच्या दोन तारखेला आगगाडीने जर्मनीत हानोव्हरला निघालो. तिथे आमचे शाळासोबती राहतात. त्या साली नाताळात लोअर सॅक्सनी प्रांतात मोठा पूर आला होता. वेझर, आल्लर, लाइने या नद्या पात्र सोडून पसरल्या होत्या. गाडीच्या खिडकीतून मैलोगणती पाणी आणि त्यात उभी झाडे दिसत. २०१९ साली आपल्या कृष्णा-पंचगंगेकाठी पाहिलेले चित्र डोळ्यांपुढे आले. ओल्या रानात यंत्रे घालता येत नव्हती आणि कितीतरी ठिकाणी बीट जमिनीतच राहिले होते. पाण्यापुढे मोठा शेतकरी आणि छोटा शेतकरी सारखाच.

मित्राची पत्नी जर्मन, आणि तिचे माहेर हिल्डेसहाइम शहराच्या बाजूच्या काळ्याभोर सुपीक पट्ट्यात. त्यांचे बीट 'नॉर्डत्सुकर'ला जाते. ही कंपनी आहे, सहकारी संस्था नव्हे, पण तिचे बहुतेक भागभांडवल बीट शेतकऱ्यांच्याच हाती आहे. घरची शेती थोरला भाऊ करतो. जर्मनीत सरासरी शेती ६३ हेक्टरांची, त्यांची त्याहून बरीच मोठी. सौ.ने आजीबाईंना सरळ विचारले, "एवढी जमीन पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिली कशी? वाटण्या होत नाहीत?"

त्यावर जे कळले ते आम्ही वहीत टिपून घेतले. त्या प्रांतात शेताच्या वारसाचा वेगळा कायदा आहे. शेत अखंड एकाच वारसाकडे जाते. बाकीच्या भावंडांना रोख मोबदला मिळतो, पण तो बाजारभावाने नव्हे, त्याहून पुष्कळ कमी. नाहीतर मोबदला देण्यासाठीच शेत विकावे लागेल. पूर्वी या कायद्यात मुलगा आधी, मुलगी मागे असे होते. १९६३ साली तिथल्या घटनापीठाने ते रद्द ठरवले. आणि खरी मेख पुढे आहे : ज्याने शेत घेतले त्याने वीस वर्षांच्या आत ते विकले, तर वाढीव पैशात भावंडांचा वाटा निघतो. म्हणजे शेत करण्यासाठी स्वस्तात मिळते, विकून खाण्यासाठी नाही.

सौ.ने मित्राच्या पत्नीला विचारले, "तुम्हाला कमी मिळालं. अन्याय वाटत नाही?" ती थोडा वेळ थांबून म्हणाली, "कधी कधी वाटतो. भावाकडे केवढी जमीन, आणि मला त्या पैशात एक गाडी आली. पण मी आले की माझी खोली आहे आणि हे शेत आहे. विकलं असतं तर दोघांनाही नसतं." तिने काही गोड करून सांगितले नाही, म्हणूनच ते पटले. त्या रात्री सौ.ला झोप लागली नाही.

पुढचा मुक्काम बर्लिन, पुतण्याकडे. तो तिथे शिकतो. तंत्रविज्ञानाच्या संग्रहालयात साखरेचे स्वतंत्र दालन आहे, ते अर्धा दिवस पाहिले. १७४७ साली मार्गग्राफ या बर्लिनच्या रसायनशास्त्रज्ञाने बिटातली साखर आणि उसातली साखर एकच, हे सिद्ध केले. त्याचा शिष्य आखार्ड याने बर्लिनजवळ बिटाची लागवड करून पाहिली आणि सायलेशियातील कुनेर्न येथे १८०१ च्या सुमारास पहिला बीट साखर कारखाना उभा केला. पुढे इंग्रजांशी लढाई चालू असता वेस्ट इंडीजची साखर अडली, तेव्हा नेपोलियनने १८११ साली बीट लावण्याचा हुकूम काढला. उसाशी स्पर्धा करणारे हे पीक असे अडचणीतून वाढले.

आठ जानेवारीला ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापाशी ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. शेतीच्या डिझेलवर लिटरमागे सुमारे साडेएकवीस सेंटची सवलत होती, ती काढून घेण्याचे सरकारने ठरवले होते. म्हणून सबंध जर्मनीभर त्या दिवशी शेतकरी रस्त्यावर उतरले. कडाक्याच्या थंडीत तरुण पोरे ट्रॅक्टरच्या टपावर बसून होती. पुढे २०२५ साली आलेल्या सरकारने ती सवलत पुन्हा देण्याचे ठरवले. शंभर हेक्टरवाल्यालाही एकट्याने भागत नाही, संघटना लागतेच, एवढे आम्ही पाहून घेतले.

नऊ तारखेला आइंडहोवनला परतलो. दुसऱ्या दिवसापासून जर्मनीत रेल्वेचालकांचा संप होता, वेळेत निघालो हे बरे. त्या रात्री विषय सौ.नेच काढला. ती म्हणाली, "बाळा, तुला पैसे हवेत हे मला कळतं. पण तू परदेशात राहणारा. वारसाने आलेली शेतजमीन तुला ठेवता येते, नवी घेता येत नाही. एकदा विकलीस की तुझ्या हयातीत पुन्हा शेतजमीन नाही." ही गोष्ट खरी आहे. परदेशस्थ भारतीयांसाठी आपल्या परकीय चलन कायद्याचे नियम तसेच आहेत, आणि मेहुणे तर तिकडचे नागरिकत्व घेण्याच्या विचारात होते. नागरिकत्व घेतले की भारताचे जाते, नियम मात्र तोच राहतो.

मग तिने हिल्डेसहाइमची वीस वर्षांची अट सांगितली. मेहुणे इंजिनिअर माणूस. कागद घेऊन बसले. रात्री एकपर्यंत बोलणे चालले. मध्ये आवाज चढले, भावजय उठून चहा करून आली. शेवटी ठरले ते असे : सातबाऱ्यावर तिघांची नावे राहतील. जमीन एकत्र सौ. करील. उसाच्या बिलातून खर्च वजा जाता सासूबाईंचा आणि भावाचा ठरलेला हिस्सा दरसाल देईल. वीस वर्षे कोणी विकायची नाही, आणि तिघांच्या संमतीने विकलीच तर पैसे सारखे वाटायचे. आपल्या कायद्यात जर्मनीसारखे कलम नाही, म्हणून इथे आल्यावर वकिलांकडून कौटुंबिक करार लिहून घेतला. मेहुण्यांनी हेग येथील आपल्या वकिलातीत मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवले. असे पत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, हे ध्यानात ठेवावे.

वीस वर्षांनी काय होईल हे आज सांगवत नाही. पण साडेचार एकर एका बांधात आहेत, आणि चालू उसाची नोंद सौ.च्या हातची आहे.

अडचण आली ती शेअरची. सासऱ्यांनी नामनिर्देशन केलेले नव्हते. त्यामुळे वारस ठरवून शेअर वर्ग होण्यात महिने गेले. सभासदांना आमची कळकळीची विनंती आहे : आपल्या शेअरचे नामनिर्देशन झाले आहे का, हे गट ऑफिसात येऊन पाहून घ्या. ज्याचे नाव लावले तो एकटा मालक होतो असे नाही, बाकीच्या वारसांचा हक्क बुडत नाही, पण संस्थेला कोणाशी व्यवहार करायचा ते कळते. घरात मयत झाली असेल तर फेरफार आणि वारसनोंद पहिल्या वर्षातच उरकून घ्या. मुलगा पुण्यात असो, बंगळूरला असो की परदेशात, तो सुट्टीला आला की सगळ्यांनी, मुलींसह, एकदा समोरासमोर बसावे. करणार कोण, हिस्सा कोणाला किती आणि विकायचे झाल्यास काय, या तीन गोष्टी थोरली माणसे हयात असतानाच कागदावर आणाव्यात. अर्जाचे नमुने शेतकी ऑफिसात ठेवले आहेत. हंगाम संपण्याची वाट पाहू नये.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग