ठिबकाची नळी आणि आंबरसाची बाटली

मलकापुराहून आगगाडीनें पश्चिमेस निघालें म्हणजे भुसावळापुढें जळगांव लागतें. तेथील जैन इरिगेशन कंपनीच्या ठिबकाच्या नळ्या आपल्या जिल्ह्यांतील शेतकरीबंधूंस परिचित आहेत. परंतु हीच मंडळी कोका-कोला कंपनीच्या 'माझा' या पेयाकरितां आंब्याचा गर पुरवितात, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. हें पेय १९७६ सालीं पार्ले कंपनीनें काढलें व १९९३ सालीं तें कोका-कोलाकडे गेलें.

नळीवाल्यांचा फळांशीं संबंध कसा आला, असें कोणी विचारील. भवरलाल जैन यांनीं १९७८ सालीं जळगांवचा एक बंद पडत आलेला केळीच्या पिठाचा कारखाना घेऊन त्यांत पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास आरंभ केला. हें पपेन मांस मऊ करण्यास व बिअर नितळ ठेवण्यास लागतें. पपई आमची आणि बिअर परमुलुखाची, हीही एक चमत्कारिक सोयरीकच म्हणावयाची!

पुढें २०११ सालीं या दोन कंपन्यांनीं आंध्र प्रदेशांतील चित्तूर भागांत 'उन्नती' नांवाची योजना हातीं घेतली. जुन्या रीतीनें दहा मीटरांवर कलमें लावल्यास एकरीं सुमारें ४० झाडें बसतात. तीन मीटर बाय दोन मीटर अंतरावर ६७४ बसतात. झाडें लहान राखावयाचीं, दरसाल छाटावयाचीं व पाणी ठिबकानें द्यावयाचें. बाग लवकर फळावर येते हें खरें; पण कलमांचा, नळ्यांचा व छाटणीचा खर्च मालकाच्या शिरावर पडतो. नळीवाल्याची नळी खपते, बाटलीवाल्यास गर मिळतो. शेतकऱ्याचा लाभ मात्र भाव काय ठरतो यावरच अवलंबून राहतो.

कारखान्याची दृष्टि बाजाराहून निराळी असते. त्यास रूप नको, गर व गोडीचा अंश हवा. म्हणून तोतापुरीस तेथें मान. खानदेशांत याच कंपनीनें सुकविण्यासाठीं पांढऱ्या कांद्याची करारशेती चालविली. पांढऱ्या कांद्यांत घनांश अधिक, म्हणून पाणी आटविण्यास जळण कमी लागतें. कांदा एका हंगामाचा असल्यानें करार न पटल्यास पुढील वर्षीं दुसरें पीक घेतां येतें. फळबागेस ती सोय नाहीं.

संग्रामपूर व जळगांव-जामोद तालुक्यांतील संत्रेवाल्यांनीं येथें विशेष लक्ष द्यावें. नागपुरी संत्रें हातानें सोलून खाण्यास उत्तम. पण त्याचा रस काढून ठेविला असतां कांहीं वेळानें कडवट होतो. त्याचें कारण लिमोनिन हें द्रव्य. बियांसकट रस निघाल्यास हा दोष वाढतो. म्हणूनच जैन मंडळींनीं हॅमलिन, व्हॅलेन्शिया वगैरे मोसंबीवर्गीय परदेशी जाती जळगांवीं लावून पाहिल्या. तेव्हां कोणी रसाच्या कारखान्याचें नांव सांगून कलमें विकावयास आल्यास प्रथम जात कोणती तें विचारावें. भाव वजनावर कीं गोडीच्या अंशावर, तो अंश कोण मोजणार, वाहतूक कोणाच्या खर्चानें, आणि माल नाकारल्यास गाडी परत कोणी आणावयाची, हीं कलमें मराठींत लिहून, सहीची एक प्रत आपल्या घरीं ठेवावी.